पहारेकरणीची सोळा पानं

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे राखून ठेवलेत. तू पाठवलेल्या कादंबरीचा तिसरा खंड काल संपला आणि माझं डोकं अजून ठणकतंय, तेव्हा आधी ते ऐक.

तुझ्या त्या धाकट्या राजपुत्राला पळून जाण्याव्यतिरिक्त काही येतं का रे? पहिल्या खंडात किल्ल्याला वेढा पडायच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या घोड्यावर बसून पसार झाला. म्हाताऱ्या राजाला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं, लेखक आता याला चांगला वठणीवर आणणार. कुठलं काय. दुसऱ्या खंडात त्याला जहाज मिळालं, तिसऱ्यात ड्रॅगन मिळाला, एक सोडून दोन पोरी त्याच्यासाठी झुरतायत आणि वाटेत भेटेल तो म्हणतो की याच्या डोळ्यांत काही वेगळंच तेज आहे. तिकडे उत्तर दरवाज्यावर ती पहारेकरीण उभी. राजाची थोरली पोर, याची सख्खी बहीण. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, समोर बर्फातून येणारे राक्षस, आणि वर म्हाताऱ्याचं औषधपाणी. तिच्या वाट्याला शंभर पानांमागे एक परिच्छेद. याला ड्रॅगन, तिला संधिवात. हा कुठला न्याय?

आणि बाबा! दुपारी शटर निम्मं खाली ओढून मी त्यांना वाचून दाखवते हे तुला माहीत आहेच. सकाळपासून किल्ल्या कापून माझे हात भरून आलेले असतात, पण पुस्तक उघडायच्या आत यांचा प्रश्न तयार. "धाकटा कुठवर आला?" रोज तेच. पहारेकरीण जिवंत आहे का मेली, एकदासुद्धा विचारलं नाही.

फोन का करत नाहीस म्हणून विचारलंस. कुठून करू? पुढे दुकान, मागे खोली, मध्ये एक पडदा. डोळे गेल्यापासून बाबांचे कान असे झालेत की गिऱ्हाइकाच्या खिशातली किल्ली कुठल्या कुलपाची ते चालण्यावरून सांगतात. त्यांच्यासमोर तुझ्याशी भांडू कशी? म्हणून हे पत्र, तेही पोस्टाच्या बाकावर बसून लिहितेय.

आता मुद्द्याचं. तिजोऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आहे. कुलूप तपासणीच्या खात्यात. परीक्षा दिली होती, कुणाला न सांगता. गाव लांब आहे, रोज जाऊन-येऊन जमणार नाही. पंधरा मार्चपर्यंत हो की नाही कळवायचं, एक एप्रिलला हजर व्हायचं. बाबांना अजून बोलले नाही. त्यांना एकटं टाकून जाता येणार नाही, म्हणून सरळ विचारते: वर्षभरासाठी येतोस का? दुकान चालव, त्यांच्याजवळ राहा. वर्षभरात पुढचं बघू.

पाच वर्षांपूर्वी बाबांना ऑपरेशनला आत घेतलं तेव्हा तू मला म्हणालास, "ताई, चहा घेऊन येतो." त्यानंतर एकदम तुझा निरोप आला, तोही दुसऱ्या गावाहून. बाबांच्या डोळ्यांवरची पट्टी काढली, काही दिसेना, तेव्हा पहिलं काय म्हणाले ते तुला मी कधी सांगितलं नाही. "बारक्या चहा आणायला गेला होता ना?" म्हणाले.

पुस्तकं पाठवून मुलाचं काम भागत नाही. उत्तर लवकर दे.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार (तू आशीर्वाद राखून ठेवलेस तरी माझा नमस्कार रोख),

तुझं पत्र बाइंडिंग खात्यात सगळ्यांसमोर उघडलं आणि "याला ड्रॅगन, तिला संधिवात" वर इतका हसलो की सुपरवायझर बघायला आला.

पण तू धाकट्यावर अन्याय करतेस. तो पळाला हे खरं. पण का पळाला ते लेखकाने हळूहळू उलगडत नेलंय. किल्ल्यात त्याला कुणी माणूस म्हणून बघतच नव्हतं, जन्मल्यापासून त्याच्या नावाची ढाल भिंतीला टांगून ठेवलेली. जहाजावर तो पहिल्यांदा स्वतः काही शिकला. आमच्या इथे छपाईच्या वेळी सगळेच हे खंड वाचतात आणि सगळ्यांचा लाडका तोच आहे. कारण तो बदलतो. पहारेकरीण चांगली आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण ती पहिल्या पानावर जशी उभी आहे तशीच तिसऱ्या खंडाच्या शेवटीही उभी आहे. उभ्या माणसाचा कसला आलाय प्रवास, सांग बरं. लेखक तरी तिच्याबद्दल काय लिहिणार?

आणि तिनेही कधी हाक मारली नाही, हे लक्षात घे. मदत हवी असं एकदा तरी म्हणाली का? बुरुजावर उभं राहण्याचा तिला अभिमानच आहे थोडा.

चौथ्या खंडाची छपाई संपत आली आहे. दर वेळी तुम्हाला डाग पडलेली, टाकाऊ प्रत पाठवतो, पण या वेळी एक चांगली प्रत मी घरासाठी स्वतःच्या हाताने जुळवून शिवतो आहे. मशीनची शिलाई नाही, दोरा आणि सुई. बाबांना हात फिरवून बघायला सांग. पुढच्या आठवड्यात मिळेल.

नोकरीबद्दल अभिनंदन. इथे सध्या रजा मिळणं अवघड आहे. बघू.

तुझा
बारक्या


२१ फेब्रुवारी

बारक्या,

बघू?

दोन पानं त्या पळपुट्याची वकिली केलीस आणि मी जे विचारलं त्याला "बघू". ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुझी जुनीच, पण भांडं एवढं मोठं असताना कशाला रे लपवतोस? यायचं नसेल तर नाही म्हण. नाही म्हणायला कुठे रजा लागते?

उभ्या माणसाचा कसला प्रवास म्हणतोस? लिहिताना हात कापला नाही का? ती तिथे उभी आहे म्हणून याला परत यायला दार शिल्लक आहे. ती एक दिवस बसली असती ना, तर तुझा लाडका ड्रॅगनवर बसून राखेत उतरला असता. आणि हाक मारली नाही म्हणे! कुणाला मारायची? जो होता तो जहाजावर तलवारबाजी शिकत होता. मी तर आता हाक मारली. तिचं काय झालं ते बघतेच आहे.

आता चौथ्या खंडाचं ऐक. बाबांनी पाठीवरून अंगठा फिरवला, शिलाई चांगली आहे म्हणाले. तेवढ्यावर दोन दिवस खूश होते. मग दुपारी, रात्री, वेळ मिळेल तेव्हा वाचत आले. तीनशे चौथ्या पानाच्या शेवटी धाकटा उत्तर दरवाज्यासमोर बर्फात उभा राहून हाक मारतो. दोन खंड मी या क्षणाची वाट बघत होते. आता ती त्याला काय बोलते ते ऐकू दे जगाला, म्हणून समोरच्या पानावर नजर टाकली, तर हा आत! मोठ्या दालनात मेजवानी चालू, राजाचा हात याच्या डोक्यावर, सगळे याच्या नावाने ओरडतायत. माफी नाही, जाब नाही, आणि पहारेकरीण तर कुठेच नाही. पुढची सगळी पानं चाळली. तिचं नावसुद्धा नाही. मग खालचे आकडे बघितले. तीनशे चारनंतर थेट तीनशे एकवीस. शाबास तुमच्या कारखान्याची. आमच्या तोंडाला पानं पुसलीत, तीही सोळा, आणि नेमकी तिचीच.

मी थांबले तशी बाबांनी विचारलं, का थांबलीस. पानं गहाळ आहेत एवढं सांगायचं होतं. पण ते पुढे वाकून बसले होते, तोंडावर असं हसू की त्यांचाच पोरगा दारात उभा आहे. मला काय झालं कोण जाणे. मी त्या धाकट्याला मारलं.

वाचल्यासारखंच बोलत गेले. म्हटलं, धाकट्याने दुसरी हाक मारली, तेवढ्यात मागून राक्षस आला, भाला पाठीतून आरपार. पहारेकरीण किल्ली फिरवत होती पण दार उघडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बर्फ कसं लाल झालं तेसुद्धा सांगितलं. चांगलं पाव तास सांगितलं. बाबा म्हणाले, नीट बघ. मी म्हटलं, असंच लिहिलंय.

त्यानंतर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुस्तक काढ म्हणाले नाहीत. एक जुनं कुलूप मांडीवर घेऊन उघडतात, लावतात, उघडतात. वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. गोष्टीतल्या पोरासाठी जेवण सोडतात, आणि जी समोर बसून घसा कोरडा करते ती जेवली की नाही, हे त्यांच्या मनातही येत नाही.

ती सोळा पानं ताबडतोब पाठव. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, एका शब्दात.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताई,

मारलंस? अगं, मारलंस कसं?

बाबांना ताबडतोब सांग की तो जिवंत आहे. चुकून वेगळंच वाचलं म्हण, काहीही म्हण, पण सांग.

पानांचं म्हणशील तर चूक आमच्या खात्याची. सोळा पानांची एक घडी असते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक जुळतं. त्या ढिगातून एखादा सुटतो कधीकधी. आता सगळ्या प्रती दुकानांत गेल्या, सुटा फर्मा मिळणं शक्य नाही. पण मी वाचलंय, तेव्हा सांगतो. धाकटा हाक मारतो, पहारेकरीण धावत खाली येते, दार उघडते, त्याला मिठी मारते. इतक्यात राक्षसांचा हल्ला होतो. त्याला वाचवताना ती दारातच मरते. फार सुंदर लिहिलंय. सगळं सैन्य रडतं. शेवटपर्यंत जागा सोडली नाही तिने. असा शेवट फार थोड्या पात्रांना मिळतो. तुझी तक्रार होती ना, तिला न्याय मिळत नाही म्हणून? मिळाला बघ.

ताई, नोकरीचा मी खूप विचार केला. चिडू नकोस, पण तू गेलीस तर बाबांचं कसं होईल? त्यांना कुठली वस्तू कुठे लागते ते तुला माहीत. दुकानात गिऱ्हाईक तुझ्या नावाने येतं. मला किल्ल्या कापायच्या मशीनची ब्लेडसुद्धा बदलता येत नाही आता. तू खंबीर आहेस, पहिल्यापासून. मी तसा नाही. एक-दोन वर्षं थांबलीस तर नोकऱ्या काय, परत येतील. तुझ्यासारखं काम येणारं माणूस त्यांना कुठे मिळणार?

शांतपणे विचार कर.

बारक्या


६ मार्च

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या महाशयांस,

काल मी वाचनालयात गेले होते. चौथा खंड तिथे आलाय. मशीनवर शिवलेला, स्वस्तातला, आणि त्यात सगळी पानं आहेत. कपाटाजवळ उभ्यानेच वाचली. वाचनालयाची बाई म्हणाली, बसा ना. मी म्हटलं, मला उभं राहायची सवय आहे.

ती मरत नाही, बारक्या.

तो हाक मारतो आणि ती धावतबिवत अजिबात येत नाही. सावकाश जिना उतरते. दार बंद ठेवून आतून विचारते, "कुठे होतास?" मग हा दीड पान भाषण देतो, समुद्र काय आणि नशीब काय. ती सगळं ऐकून घेते, दार उघडते, कमरेचा जुडगा सोडते आणि त्याच्या हातात ठेवते. "आता तू उभा राहा," एवढंच बोलते. मिठी नाही, रडणं नाही. कोपऱ्यातलं गाठोडं उचलते आणि त्याच्या शेजारून दाराबाहेर पडते. तो मागून हाका मारतो. ती वळून बघत नाही. त्यानंतर सहा पानं ती नुसती चालते. इतकी वर्षं बुरुजावरून जी नदी दिसायची तिच्यात पाय बुडवून बसते. एका झाडाला हात लावून बघते. लांबून तिला ते झुडूप वाटलेलं असतं. सहा पानं, काहीही घडत नाही, आणि चारही खंडांत मी इतकं चांगलं काही वाचलं नाही.

हे तू काढून टाकलंस.

फर्मा सुटला म्हणे ढिगातून! ही प्रत स्वतःच्या हाताने जुळवतो, स्वतःच्या हाताने शिवतो, असं तूच बारा तारखेच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंस. खोटं बोलायचं तर आधीचं तरी लक्षात ठेवावं. माझं नोकरीचं पत्र तुला आधी मिळालं, मग तू पुस्तक शिवायला बसलास. तुला वाटलं, मी हे बाबांना वाचून दाखवणार, आणि "आता तू उभा राहा" वाचल्यावर पुस्तक मिटून उठणार. म्हणून पानंच घातली नाहीस. आणि मी विचारलं तर चालत्या-बोलत्या बाईला दारात मारून वर सैन्याला रडायला लावलंस. न्याय मिळाला म्हणे. मेल्यावर टाळ्या वाजवायला सगळेच येतात.

मीही तुझ्या लाडक्याला मारलं, ते कबूल आहे. पण रागाने मारलं, तोंडाने मारलं, आणि तुला कळवलं. तू सुई-दोरा घेऊन, शांतपणे, टाका टाका घालत मारलंस. वर बाबांना शिलाईवरून हात फिरवायला सांगितलंस.

पंधरा तारीख जवळ आली. काय कळवू ते मला कळत नाही आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय. ती चालू लागली कारण जुडगा घ्यायला दारात कुणीतरी उभं होतं. माझ्या दारात कोण आहे? बहुतेक नाहीच म्हणून कळवीन. तू जिंकलास. सांग तुझ्या खात्यात सगळ्यांना.

यापुढे पुस्तकं पाठवू नकोस.

ताई


९ मार्च

चि. बारक्यास,

हे पत्र शेजारच्या फोटोवाल्याच्या हातून लिहितो आहे. तुझी बहीण कोऱ्या किल्ल्या आणायला बाजारात गेली आहे. तो म्हणतो, काका, जरा सौम्य शब्द घालू का. त्याला सांगितलंय, मी बोलतो तेच लिही.

माझे डोळे गेले. त्याबद्दल मी कुणालाही दोष दिला नाही. डॉक्टरने करायचं ते केलं. पण गोष्ट माझी होती. दुपारी तासभर मला सगळं दिसायचं. ते तुम्ही दोघांनी मिळून काढून घेतलंत. तू पानं चोरलीस, हिने खोटं वाचलं. आंधळ्याला फसवायला काय लागतं? काही लागत नाही. म्हणूनच कुणी फसवू नये.

हिला वाटलं, मला कळलं नाही. धाकटा मेला म्हणून पाव तास बोलत होती आणि एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही. वाचताना तिचा आवाज कानशीसारखा एका लयीत जातो. त्या दिवशी तो सारखा अडकत होता. कुलपात पीन कुठे अडकते ते मी जन्मभर ऐकत आलो. भाला पाठीतून आरपार म्हणाली तेव्हाच समजलं, हिला कुणाला मारायचंय. मला अन्न गेलं नाही ते त्या राजपुत्रासाठी नाही. माझ्या पोरीच्या पोटात एवढा राग होता आणि मी, जो खिशातली किल्ली ऐकतो, त्याला तो शेजारी बसून ऐकू आला नाही. माझ्या कानांचा मला संताप आला. रोज दुपारी मी धाकट्याची चौकशी करत राहिलो. (हे वाक्य काकांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. — फोटोवाला)

गेला महिनाभर हिने कापलेल्या किल्ल्यांना बोटाला टोचणाऱ्या कडा राहतायत. आधी कधी राहिल्या नव्हत्या. काल एका गिऱ्हाइकाची किल्ली हातात घेऊन सरळ विचारलं, काय ते सांग. तेव्हा नोकरी, तुझी पत्रं, पानं, सगळं बाहेर आलं. नाही म्हणून कळवणार होती. मी तिला समोर बसवलं आणि होकाराचं पत्र लिहायला लावलं. या वेळी पेनाचा आवाज ऐकत होतो. पत्र मी स्वतः तिचा हात धरून पोस्टात नेऊन टाकलं.

ती एकतीस मार्चला जाईल. त्यानंतर मी इथे एकटा आहे. फोटोवाला जेवण आणून देतो म्हणतो. (देईन. — फोटोवाला) माझं अडत नाही. तेव्हा तू माझ्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. आलास तर ती सोळा पानं घेऊन ये. फेकून दिली असशील तर येऊ नकोस. वाचनालयातून आणून वाचते असं ती म्हणत होती, मी नको म्हटलं. ज्याने काढली त्याच्याच तोंडून ऐकेन.

शटरचं कुलूप बदललंय. तुझ्याकडे किल्ली असेल तर ती लागणार नाही. दार वाजवावं लागेल.

बाबा


३ एप्रिल

ती. ताई,

हे पत्र दुकानातून लिहितो आहे. बाबा मागे झोपलेत, म्हणजे निदान तसं दाखवतायत.

पानं फेकली नव्हती. घडी न उघडता पेटीत कपड्यांखाली ठेवली होती. का ठेवली ते विचारू नकोस, मला माहीत नाही. आणि का काढली ते तू बरोबर ओळखलंस. एक शब्दही चुकला नाही तुझा.

काल सकाळी पोहोचलो. शटर निम्मं वर होतं, त्यामागचं लाकडी दार बंद. वाजवलं. आतून विचारलं, कोण. मी म्हटलं, मी. गाडीत सगळं भाषण तयार केलं होतं, धाकट्यापेक्षा लांब. इतक्यात आतून आवाज आला.

"चहा आणलास?"

ताई, मला तिथे उभं राहवेना. शेजारी फोटोवाला दारात येऊन बघत होता, तोही आत गेला. मी कोपऱ्यावर गेलो, दोन कप घेतले आणि हात भाजत परत आलो. दार उघडं होतं. बाबा तुझ्या स्टुलावर बसले होते. एक घोट घेतला आणि म्हणाले, गार झालाय. गार नव्हता. दोघांनी बसून संपवला.

तू म्हणशील, झालं, घातला हात डोक्यावर, बसवलं मेजवानीला. तसलं काही नाही. कालपासून माझ्याशी मोजून चार शब्द बोलले असतील, तेही कुलपाबद्दल. सकाळी मी कापलेली किल्ली गिऱ्हाइकासमोर टेबलावर टाकली आणि म्हणाले, हिने दात घासता येतील. राग बराच शिल्लक आहे त्यांचा. मला वाटतं, वर्षभर पुरेल. आणि वर्षभर मी इथेच आहे, हे मी सुपरवायझरला लिहून दिलंय. बघू म्हटलेलं नाही.

दुपारी शटर निम्मं ओढलं आणि पानं वाचली. घडीच्या जुळलेल्या कडा त्यांच्यासमोर पट्टीने फाडल्या. आवाज ऐकला त्यांनी. धाकट्याचं भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाले, फार बोलतो हा. मग "आता तू उभा राहा" आलं. तिथे मी पान खाली ठेवलं. ते मला पाणी पी म्हणाले नाहीत, पुढे वाच म्हणाले. ती चालते ती सहा पानं वाचून झाली तशी म्हणाले, परत वाच. परत वाचली. आज तिसऱ्यांदा. नदीत पाय बुडवते तिथे ते स्वतःचे पाय चपलेतून काढतात. त्यांना ते कळतं की नाही, कोण जाणे.

आज दुपारी पुस्तक हातात घेतलं तर उघडायच्या आत त्यांचा प्रश्न आला. "ती कुठवर पोहोचली?" मी वाचायला लागलो तर म्हणाले, ते नाही विचारलं. तुझी गाडी, बदलायचं स्टेशन, कारखान्याच्या वसतिगृहात पाणी कसं असतं, सगळं विचारलं. मला कशाचंच उत्तर आलं नाही. त्याबद्दलही बोलणी खाल्ली.

एक विचारायचं होतं. मशीनच्या नव्या ब्लेडचा डबा तू कुठे ठेवलास? सगळी कपाटं पालथी घातली. बाबांना ठाऊक आहे, पण सांगत नाहीत. म्हणतात, तिला विचार. पण लगेच नको, आठ दिवस तिला कसलीही आठवण करून द्यायची नाही, तिला तिथे रुळू दे.

म्हणून हे पत्र आज लिहून ठेवतो आहे. टाकीन पुढच्या आठवड्यात. तोवर आहे त्या ब्लेडवर चालवतो.

बारक्या